ऑक्सिजन तुटल्यानंतर अंगाला बसणारे झटके : औषधं काय करतात, काय करू शकत नाहीत

बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू होतं, माणूस आयसीयूतून जिवंत बाहेर येतो आणि घरात शुकराण्याची नमाज अदा होते. पण काही घरांत खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. रुग्ण चहाचा कप उचलायला हात पुढे करतो आणि हात उडून कप सांडतो. उभं राहिलं की गुडघ्यातलं बळ क्षणभर जातं आणि तो खाली बसतो. कुकरची शिट्टी झाली तरी सारं अंग दचकतं. माणूस शुद्धीवर आहे, सगळ्यांना ओळखतो, बोलतो, पण त्याचं अंगच त्याचं ऐकत नाही.

मग घरात तर्क सुरू होतात. कोणी म्हणतं मिरगी आहे, कोणी म्हणतं कमजोरी आहे, कोणी कानात हळूच सांगतं की ‘असर’ आहे. या धावपळीत महिने जातात आणि ज्या औषधांनी फरक पडला असता ती एक तर सुरूच होत नाहीत, किंवा आठ दिवसांत बंद केली जातात. म्हणून या विषयावर एकत्रित माहिती द्यावी असं आम्हाला वाटलं. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. औषध कोणतं आणि किती, हे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणजे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर ते काय सांगतात ते समजावं आणि आपण काय विचारायचं ते कळावं, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजाराचं नाव आणि ओळख

स्नायूंना आपोआप, क्षणभर बसणाऱ्या झटक्याला वैद्यकीय भाषेत ‘मायोक्लोनस’ म्हणतात. झोप लागता लागता आपण कधी कधी दचकतो, तोही मायोक्लोनसच, पण निरुपद्रवी. मेंदूचा ऑक्सिजन काही वेळ तुटल्यानंतर जे झटके येतात त्यांची गोष्ट वेगळी आहे. 1963 साली जेम्स लान्स आणि रेमंड ॲडम्स या दोन डॉक्टरांनी अशा चार रुग्णांचं सविस्तर वर्णन ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. तेव्हापासून या आजाराला ‘लान्स-ॲडम्स सिंड्रोम’ म्हणतात. फाइलवर हे नाव दिसलं तर घाबरून जाऊ नये. हा नवा संसर्ग नाही, घरातल्या दुसऱ्या कोणाला तो होत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के असतं, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के तो एकटाच वापरतो. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. हृदय बंद पडणं, दम्याचा जीवघेणा झटका, पाण्यात बुडणं, गळफास, श्वास गुदमरणं, भूल देताना झालेली गुंतागुंत, झोपेच्या किंवा नशेच्या औषधांचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडनेही मेंदूचा ऑक्सिजन तुटतो.

दोन वेगळ्या अवस्था

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यावरून पुढची आशा ठरते.

पहिल्या अवस्थेत रुग्ण अजून कोमात असतो आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच अंगभर झटके सुरू होतात. मेंदूला मोठी इजा झाल्याची ही खूण असू शकते, म्हणून डॉक्टर गंभीर चेहऱ्याने बोलतात. पण केवळ झटके आले म्हणून सगळं संपलं असं नसतं. ईईजी, स्कॅन आणि इतर तपासण्या पाहून, काही दिवस थांबूनच अंदाज बांधतात. घाईने निष्कर्ष काढू नये, नातेवाईकांनीही आणि आजूबाजूच्यांनीही.

दुसरी अवस्था म्हणजे लान्स-ॲडम्स सिंड्रोम. यात रुग्ण शुद्धीवर येतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी झटके ठळक होऊ लागतात. शांत पडून राहिलं की ते कमी असतात, झोपेत बहुधा थांबतात. काही करायला गेलं की मात्र उसळतात. घास तोंडाकडे नेताना, सही करताना, बोलताना, पाऊल टाकताना हाच अनुभव येतो. मोठा आवाज, अचानक स्पर्श, घाई, राग, भीती यांनी ते वाढतात. याशिवाय एक ‘उलटा झटका’ असतो. त्यात स्नायू आखडत नाही, उलट क्षणभर ढिला पडतो. उभा माणूस एकदम कोसळतो तो याच्यामुळे. या सिंड्रोममध्ये बुद्धी आणि ओळख बऱ्याच अंशी शाबूत राहते. म्हणून रुग्णासमोर ‘याला आता काही कळत नाही’ असं बोलू नये. त्याला सगळं कळत असतं.

मिरगी आणि हे झटके

घरात ज्याला मिरगी म्हणतात आणि मराठीत फेफरे किंवा आकडी म्हणतात, त्यात बहुधा शुद्ध हरपते, अंग ताठ होतं, मग काही वेळ लयीत हलत राहतं आणि नंतर माणूस सुस्त पडतो. मायोक्लोनसचा झटका क्षणभराचा असतो आणि त्या वेळी रुग्ण शुद्धीवर असतो. एकाच रुग्णाला दोन्ही असू शकतात, म्हणून ईईजी काढतात. स्नायूंची विद्युत तपासणी म्हणजे ईएमजी आणि एमआरआयही करतात. एमआरआय नॉर्मल आला म्हणून आजार खोटा ठरत नाही. या आजारात बऱ्याचदा एमआरआयमध्ये ठळक असं काही दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना झटक्यांचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून न्यावा. रुग्ण कप उचलताना, चालताना आणि स्वस्थ बसलेला असताना, अशा तिन्ही वेळचा असावा. तोंडी वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. हा व्हिडिओ डॉक्टरांसाठी आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यासाठी नाही.

आणि ‘असर’? मेंदूच्या काही भागांना इजा झाल्यावर आवर घालणारे संदेश कमी पडतात आणि उत्तेजना वाढते, त्यामुळे झटके येतात. गाबा आणि सेरोटोनिन ही मेंदूतली दोन रसायनं या कामात महत्त्वाची आहेत. दुआ करा, दम करा, त्याला कोणाची हरकत नाही. पण इलाज करणं हीसुद्धा आपल्या दीनची शिकवण आहे. दवा थांबवून दुआ, असा सौदा कोणी सांगत असेल तर तो मानू नये.

औषधं कोणती

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. हा आजार विरळा आहे, त्यामुळे हजारो रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचण्या इथे नाहीत. डॉक्टरांचं ज्ञान बहुतांशी छोट्या अभ्यासांवर आणि एकेका रुग्णाच्या नोंदींवर उभं आहे. म्हणून औषध बदलून पाहणं, डोस हळूहळू वाढवणं, दोन-तीन औषधं एकत्र देणं ही डॉक्टरांची गोंधळलेली धडपड नव्हे. या आजाराच्या उपचाराची हीच रीत आहे. कोणतंही औषध मेंदूची झालेली इजा भरून काढत नाही. औषध झटके कमी करतं, म्हणजे रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवता यावं, आधाराने चालता यावं.

क्लोनाझेपाम. हे गाबाचं काम बळकट करतं आणि बहुधा सुरुवातीलाच दिलं जातं. अगदी कमी डोसवर, पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू करून ते हळूहळू वाढवतात. सुस्ती, तोल जाणं, लाळ किंवा कफ वाढणं हे त्याचे त्रास. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडू शकतो. दम्याच्या किंवा श्वासाच्या रुग्णाला ते जपून देतात. झोपेची दुसरी गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सोबत घेतलं तर श्वास मंदावू शकतो, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवावीत.

सोडियम व्हॅल्प्रोएट. हे मिरगीवरचं जुनं औषध या झटक्यांवरही उपयोगी पडतं. वजन वाढणं, केस गळणं, हाताला कंप येणं हे त्याचे परिणाम दिसतात. हा कंप झटक्यापेक्षा वेगळा असतो, तोही डॉक्टरांना सांगावा. यकृत आणि रक्तातल्या प्लेटलेट यांच्या तपासण्या अधूनमधून कराव्या लागतात. गरोदरपणात घेतल्यास बाळात जन्मजात दोष येण्याचा धोका मोठा आहे. अशा साधारण 10 मुलांत एकाला शारीरिक दोष आढळतो आणि 10 पैकी 3 ते 4 मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. म्हणून मूल होण्याच्या वयाच्या स्त्रीला शक्यतो दुसरं औषध देतात. लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत हा विषय लाजेपोटी लपवू नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मेरोपेनेम गटातली अँटिबायोटिक इंजेक्शनं दिल्यास रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्याने कमी होतं. रुग्णाला दुसऱ्या आजारासाठी दाखल केलं तर तिथल्या डॉक्टरांना ‘व्हॅल्प्रोएट चालू आहे’ हे आवर्जून सांगावं.

लेव्हेटिरासिटाम. अलीकडे हे औषध पुष्कळ वापरलं जातं. इतर औषधांशी त्याचा झगडा कमी होतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. काही रुग्ण यावर चिडचिडे होतात, भांडतात किंवा उदास होतात. घरच्यांना वाटतं, आजाराने स्वभाव बिघडला. तो औषधाचा परिणाम असू शकतो, डोस किंवा औषध बदलून तो सुधारू शकतो. जीव नकोसा झाल्याचे बोल रुग्णाच्या तोंडी आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

पिरासिटाम. हे लेव्हेटिरासिटामचंच रासायनिक भावंड. आपल्याकडे ते स्मरणशक्तीच्या नावाने ओळखलं जातं, पण मायोक्लोनससाठी त्याचा डोस कितीतरी मोठा असतो. दिवसाला 7.2 ग्रॅमपासून सुरू करून तो 20 ते 24 ग्रॅमपर्यंतही नेतात. गोळ्यांची संख्या पाहून केमिस्टही चकित होतो. डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर आपल्या मनाने डोस निम्मा करू नये. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तस्रावाचा धोका असेल तर मात्र हे आधीच सांगायला हवं.

याशिवाय प्रिमिडोन, झोनिसामाइड, पेरॅम्पॅनेल अशी औषधंही काही रुग्णांना लागू पडली आहेत. औषधांनी भागलं नाही अशा मोजक्या रुग्णांत मेंदूत बारीक तारा बसवून विद्युत उत्तेजना देण्याची शस्त्रक्रिया केल्याच्याही नोंदी आहेत. ती पहिली पायरी नव्हे.

एका औषधाची कहाणी

सेरोटोनिन कमी पडतं, तर ते वाढवून पाहू, या विचाराने 1970 च्या दशकात 5-एचटीपी नावाचा पदार्थ अशा रुग्णांना देण्यात आला. शरीरात त्यापासून सेरोटोनिन बनतं. काही रुग्णांत चांगला फरक पडला. पण मळमळ, उलटी, जुलाब यांचा त्रास मोठा होता. तो कमी करण्यासाठी कार्बिडोपा हे दुसरं औषध जोडावं लागे. अडचण आणखी एक होती. रुग्ण इतके थोडे, की औषध बनवण्यात कंपन्यांना रस नव्हता. अशा विरळ आजारांच्या रुग्णांनी अमेरिकेत आवाज उठवला आणि 1983 साली तिथे ‘अनाथ औषधां’साठीचा कायदा झाला. मायोक्लोनसच्या रुग्णांची अडचण त्या चर्चेत मांडली गेली होती. थोडक्या आजाऱ्यांचाही हक्क असतो, हे त्या कायद्याने मान्य केलं.

आज 5-एचटीपी ऑनलाइन ‘झोपेची’ किंवा ‘मूडची’ पूरक गोळी म्हणून विकलं जातं. ते मागवून स्वतः प्रयोग करू नये. डिप्रेशनच्या काही औषधांसोबत घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

काही रुग्णांचे झटके दारूने थोडा वेळ कमी होतात अशा वैद्यकीय नोंदी आहेत आणि कोणीतरी तसं सुचवतंही. हा इलाज नव्हे. नशा उतरली की झटके परत येतात, आणि क्लोनाझेपामसोबत दारू श्वासासाठी घातक आहे. जे आपल्याला हराम आहे त्याची इथे वैद्यकीय गरजही नाही.

जपून वापरायची औषधं

मिरगीचं प्रत्येक औषध या झटक्यांवर चालत नाही. फेनिटॉइनचा बहुधा उपयोग होत नाही. कार्बामाझेपिन, गॅबापेंटिन, व्हिगाबॅट्रिन यांनी काही प्रकारचे झटके उलट वाढू शकतात. म्हणून ‘शेजारच्याला मिरगीवर ही गोळी लागू पडली’ असं म्हणून गोळी देऊ नये. कोणतंही नवीन औषध सुरू झाल्यावर झटके वाढले तर तारखेसह नोंद करून डॉक्टरांना दाखवावी.

औषध अचानक बंद करू नका

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. फरक पडला म्हणून, फरक पडला नाही म्हणून, सुस्ती येते म्हणून, पैसे संपले म्हणून किंवा कोणी हकीमसाहेबांनी ‘इंग्रजी गोळ्या सोडा’ म्हटलं म्हणून ही औषधं एकदम सोडू नयेत. क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर झटके दुपटीने उसळू शकतात, फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. बंद करायचं असेल तर डॉक्टर आठवड्या-आठवड्याने डोस उतरवतात. पाकिटात आठ दिवसांची औषधं उरली की नवीन आणायची, असा घरात नियमच करावा. ईदच्या किंवा लग्नाच्या गडबडीत, प्रवासात हा नियम मोडतो, तेव्हा जास्त सांभाळावं.

पैशाची अडचण खरी आहे. यातली नेहमीची औषधं जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात, जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. मात्र कंपनी बदलताना डॉक्टरांना सांगावं आणि पुन्हा पुन्हा बदलू नये.

रोजा, नमाज आणि कॅप्सूल

रमजान आला की सर्वात जास्त गोळ्या याच काळात चुकतात. सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. ती अल्लाहने दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या सेहरी आणि इफ्तारला बसवता येतात का, हे रमजानच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावं. पिरासिटामसारखं औषध दिवसातून तीनदा घ्यायचं असतं, त्याला हे जमणं अवघड. शिवाय अपुरी झोप आणि उपास यांनीही झटके वाढू शकतात. डॉक्टरांनी मनाई केली तर कजा की फिद्या, हे आपल्या आलिमांना विचारावं.

नमाजेसाठी उभं राहताना पाय ढिले पडत असतील तर बसून, तेही जमत नसेल तर पडून इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा हदीसमध्ये आहे. सज्द्यातून उठताना पडण्याचा धोका मोठा असतो. मशिदीत खुर्ची भिंतीला टेकून ठेवावी. वुजू बसून करावा, ओल्या फरशीवर उभं राहून नाही. सफमधल्या भावांनी झटका आला म्हणून वळून टक लावून पाहू नये. नजरेच्या दडपणानेही झटके वाढतात.

जिलेटिनच्या कॅप्सूलची शंका असेल तर औषध सोडू नका, पर्याय विचारा. क्लोनाझेपाम, लेव्हेटिरासिटाम आणि व्हॅल्प्रोएट ही तिन्ही गोळीच्या रूपात मिळतात. शेवटच्या दोघांची पातळ औषधंही येतात.

घरात काय करावं

गरम चहा अर्ध्या कपात आणि झाकणाच्या मगमध्ये द्यावा. जड चमचा, खोलगट ताट आणि ताटाखाली ओलं फडकं ठेवलं तर घास सांडणं कमी होतं. गॅसपाशी रुग्णाला एकटं सोडू नये. बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवावा. मागून अचानक हाक मारू नये, समोर येऊन बोलावं. फिजिओथेरपी आणि बोलण्याच्या थेरपीचा उपयोग होतो, पण औषधाने झटके थोडे आवरल्यावर जास्त होतो. अडचण दीर्घकाळ राहिली तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांचाही समावेश आहे.

शुद्ध हरपून झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले, एकामागून एक फिट येऊ लागल्या, श्वास मंद झाला किंवा रुग्ण हाक मारूनही जागा होईना, तर 108 ला फोन करून तातडीने रुग्णालयात न्यावं. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, पाणी पाजू नये. कुशीवर वळवून डोकं सांभाळावं.

सुधारणा हळू होते. काही रुग्णांचे झटके महिन्यांत, वर्षांत बरेच कमी होतात, काहींना औषध दीर्घकाळ घ्यावं लागतं. पहिल्या महिन्यात चमत्काराची अपेक्षा ठेवणारं घर लवकर थकतं. एक वही करा. तारीख, औषध, डोस, किती वेळ आधाराशिवाय उभं राहता आलं, पाण्याचा पेला कितीदा सांडला, हे लिहा. महिन्यापूर्वी पेला पाचदा सांडत होता आणि आता दोनदा, हे त्या वहीतच दिसेल, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही त्यावरूनच दिशा मिळेल.

अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सब्र देवो. आमीन.